डोळ्यात रक्त उतरलेल्या माणसाला बाटली विकू देऊ नका

प्रति,
आयुर्वेदिक औषधांचे परवाने देणारे आणि त्यांच्या जाहिरातींवर देखरेख ठेवणारे सर्व अधिकारी

विषय : डोळ्याच्या पडद्यावरचा रक्तस्राव ‘जडीबुटीने बरा करतो’ म्हणून चाललेली शिबिरं आणि औषधविक्री

महोदय, महोदया,

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं औषधांचं दुकान आहे. डी. फार्म. होऊन 22 वर्षं काउंटरमागे उभा आहे. गेल्या महिन्यात आमच्या एसटी स्टँडसमोर फ्लेक्स लागला. ‘डोळ्यात रक्त उतरलंय? पडद्याला सूज? लेझर नको, इंजेक्शन नको, ऑपरेशन नको. शंभर टक्के वनौषधी.’ खाली मंगल कार्यालयाचं नाव, रविवारची तारीख आणि दोन मोबाइल नंबर.

मी त्याचा फोटो काढला आणि तुमच्यापैकी एका कार्यालयात लेखी तक्रार दिली. तीन आठवड्यांनी उत्तर आलं : उत्पादन परराज्यात तयार होत असल्याने सदर तक्रार तिकडे वर्ग करण्यात येत आहे. तोवर शिबिर होऊन गेलं होतं. माझ्या दुकानावरून माणसं कापडी पिशव्या घेऊन गेली. त्यातली निम्मी माझी गिऱ्हाइकं. कुणाची साखर किती, कोण गोळ्या चुकवतं, मला तोंडपाठ आहे. त्या पिशव्यांत काय होतं तेही मला माहीत आहे, कारण तसलीच एक पिशवी 2017 साली आमच्या घरी आली होती.

त्या वर्षी दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आई भाजणीचे तांदूळ निवडत बसली होती. मला म्हणाली, “ताटात केस पडलाय बघ, निघंना.” बोटांनी तीन-चारदा उचलायला गेली. मी वाकून बघितलं. ताटात केस नव्हता. संध्याकाळपर्यंत तो केस वाढत गेला, त्याचा गुंता झाला, आणि रात्री म्हणाली की उजव्या डोळ्यात कुणी शाई ओतल्यागत झालंय.

आईला तेव्हा मधुमेह होऊन 14 वर्षं झाली होती. दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या गावी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बाहुली मोठी करून तपासलं आणि कागदावर चित्र काढून समजावलं. साखरेमुळे पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, पडद्याला पुरेसा प्राणवायू मिळत नाही. मग डोळा स्वतःच नव्या वाहिन्या उगवतो. पण त्या कच्च्या असतात, जरा ताण आला की फुटतात, आणि डोळ्याच्या पोकळीतल्या जेलीसारख्या द्रवात रक्त पसरतं. डॉक्टर म्हणाले, रक्त थोडं खाली बसलं की लेझरच्या तीन बैठका करू, उशीर करू नका.

आईनं लेझरचा अर्थ ‘डोळा जाळतात’ असा घेतला होता. तेवढ्यात नात्यातल्या एकांनी या वनौषधीवाल्यांचा पत्ता आणला. थेंबांच्या बाटल्या, चूर्णाच्या पुड्या आणि तुपाची बरणी, असा तीन महिन्यांचा कोर्स, 9,600 रुपये. कच्ची पावती. औषधांचं शिक्षण घेतलेला मी तिथं हजर होतो. पैसे मीच मोजले.

विसाव्या दिवशी आईनं भिंतीवरच्या कॅलेंडरवरची संकष्टी उजव्या डोळ्यानं वाचून दाखवली. घरात सगळे रडले. आईनं शेजारच्या चार बायकांना पत्ता दिला. डॉक्टरांनी दिलेली लेझरची तारीख आम्ही चुकवली. त्यांच्या दवाखान्यातून दोनदा फोन आला, तेव्हा “आता बरं आहे” असं सांगणारा मीच.

या एका गोष्टीवर हा सगळा धंदा उभा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. डोळ्याच्या पोकळीत उतरलेलं रक्त बहुतेकदा आपोआप खाली बसतं आणि शरीर ते हळूहळू शोषून घेतं. कुणाचं काही आठवड्यांत, कुणाचं काही महिन्यांत. त्या काळात माणूस दूर्वांचा रस पिऊ दे, अडुळसा घेऊ दे, त्रिफळ्याच्या पाण्यानं डोळे धुऊ दे, नाहीतर काहीच करू नको दे, बऱ्याच जणांना पुन्हा दिसू लागतं. श्रेय त्या वेळी हातात असलेल्या बाटलीला जातं. पण रक्त ज्या कच्च्या वाहिन्यांतून आलं, त्या पडद्यावर तशाच राहतात. लेझर त्या वाहिन्यांसाठी असतं. अमेरिकेत 1,700 हून अधिक मधुमेही रुग्णांवर मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष 1976 साली आले : वेळेत लेझर केल्यानं दृष्टी फार खालावण्याचं प्रमाण निम्म्याहून कमी होतं. म्हणजे आईच्या डोळ्यासमोर केस आला, त्याच्या 41 वर्षं आधीपासून हे माहीत होतं. मला मात्र ते त्या वेळी कुणी फ्लेक्सवर लिहून सांगितलं नाही.

2018 च्या चैत्रात, पाडव्यानंतर, तोच डोळा पुन्हा भरला. या वेळी रक्त बसलं नाही. वाहिन्यांबरोबर वाढलेल्या चिवट पापुद्र्यानं पडदाच ओढून जागेवरून उचलला. मोठी शस्त्रक्रिया झाली, डोळ्यात तेल भरलं. आज त्या डोळ्याला समोर हात हलवला तर हलतोय एवढंच कळतं. डाव्या डोळ्याला तेव्हाच लेझर करून घेतलं. त्या डोळ्यानं आई पेपरातले मोठे मथळे वाचते.

यात माझी चूक मोठी आहे आणि ती मी कुणावर ढकलत नाही. पण माझ्यासारखा शिकलेला माणूस ज्या खड्ड्यात पडला, तो खड्डा भर रस्त्यावर उघडा ठेवायची परवानगी तुमच्या खात्यांनी दिली आहे. त्याबद्दल माझ्या तक्रारी अशा.

पहिली तक्रार कायद्याबद्दल. औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा 1954 सालचा आहे. त्याच्या परिशिष्टात 54 आजारांची यादी आहे. या आजारांवर औषध असल्याची जाहिरात करायला बंदी आहे. त्या यादीत मधुमेह आहे, अंधत्व आहे, मोतीबिंदू आहे, काचबिंदू आहे, आणि ‘दृष्टिसंस्थेचे आजार व विकार’ असा सरळ शब्द आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. एसटी स्टँडसमोरचा फ्लेक्स या यादीच्या बाहेर कसा, हे मला कुणीतरी लेखी सांगावं. उत्पादन परराज्यात झालं असेल. जाहिरात आमच्या गावात झाली. कायदा जाहिरातीला लागतो.

2018 च्या डिसेंबरात, आईचा डोळा गेला त्याच वर्षी, औषध नियमांत 170 वा नियम आला. आयुर्वेदिक औषधाची जाहिरात छापण्याआधी राज्याच्या परवाना अधिकाऱ्यांकडून मंजुरी आणि क्रमांक घेणं त्यानं बंधनकारक केलं. 2023 साली केंद्रानं राज्यांना पत्र पाठवलं की या नियमाखाली कारवाई करू नका. 1 जुलै 2024 ला नियमच वगळला. सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट 2024 मध्ये त्या वगळण्याला स्थगिती दिली, आणि ऑगस्ट 2025 मध्ये प्रकरण निकाली निघालं तेव्हा ती स्थगितीही संपली. या सगळ्या उलटापालटीत 1954 चा कायदा मात्र कुणी रद्द केलेला नाही. तुमच्या हातात आजही तो आहे. तो वापरायला कुणाची मनाई आहे?

हवं तेव्हा हालचाल होते, हेही आम्ही पाहिलं आहे. सप्टेंबर 2024 मध्ये ‘वाचायचा चष्मा घालवतो’ असा गाजावाजा झालेल्या ॲलोपॅथिक थेंबांची परवानगी केंद्रीय औषध नियंत्रकांनी काही दिवसांत स्थगित केली, कारण दावा परवानगीच्या पलीकडचा होता. हाच न्याय वनौषधींच्या थेंबांना लावा. याहून जास्त मी मागत नाही.

दुसरी तक्रार विक्रीबद्दल, आणि ही आम्हा दुकानदारांच्या रोजच्या अनुभवाची. मला साधी प्रतिजैविकाची गोळी विकायची तर परवाना लागतो, फार्मासिस्ट लागतो, बिल लागतं, इन्स्पेक्टर येऊन रजिस्टर बघतात. ते बरोबरच आहे. पण आयुर्वेदिक औषध विकायला विक्रीचा परवानाच लागत नाही. किराणा दुकान, पानटपरी, जत्रेतली पथारी, मंगल कार्यालय, कुठेही चालतं. पोटात घ्यायच्या सुंठ-ओव्याच्या गोळीला हे एकवेळ ठीक. पण डोळ्यात घालायचा थेंब निर्जंतुक असावा लागतो. ॲलोपॅथिक थेंबांची बाटली फोडली की बहुतेक महिन्याभरात फेकून द्या, असं आम्ही गिऱ्हाइकाला बजावून सांगतो. आईच्या बाटलीला आतलं बूच नव्हतं, बॅच नंबर पुसट होता, तळाला गाळ बसलेला होता, आणि ती तीन महिने पुरवायची होती. अस्वच्छ द्रव डोळ्यात गेला तर बुबुळावर जखम होते, फूल पडतं. पडद्यावरच्या रक्तासाठी आणलेल्या बाटलीनं पुढचा डोळाही जाऊ शकतो.

आमच्याही धंद्याची बाजू सांगतो. सप्लायर येतो, ‘दहावर तीन फ्री’ अशी स्कीम देतो, लेबलवर ‘सर्व नेत्रविकारांवर गुणकारी’ असं छापलेलं असतं. मार्जिन ॲलोपॅथिक थेंबांपेक्षा चांगलं असतं. मीसुद्धा अशा बाटल्या ठेवल्या आणि विकल्या. 2018 नंतर माझ्या कपाटात एकही नाही. त्या कुणाकुणाच्या डोळ्यात गेल्या, याचा हिशेब माझ्याकडे नाही.

तिसरी तक्रार ‘सर्व नेत्रविकारांवर’ या शब्दांबद्दल. पडद्यावरचं रक्त हा एक आजार नसून अनेक आजारांची खूण आहे. आईचा मधुमेहाचा होता. रक्तदाबवाल्या माणसाच्या पडद्यातली शीर तुंबते तेव्हाही रक्त उतरतं. पडद्याला चीर पडली तरी उतरतं, आणि त्यात काही दिवसांचा उशीरही महाग पडतो. गेल्या पावसाळ्यात 24-25 वर्षांचा एक मुलगा दुकानात चिठ्ठी घेऊन आला. ना साखर, ना दाब, तरी डोळ्यात रक्त. चिठ्ठीवर ‘ईल्स’ लिहिलं होतं. आपल्या देशात तरुण मुलांत दिसणारा हा विकार, क्षयाच्या जंतूंशी त्याचा संबंध जोडला जातो. या चौघांचे उपचार चार तऱ्हेचे. एका बाटलीत चारही कसे मावतील?

आणि हा प्रश्न आयुर्वेदाच्या विरोधातला नाही, हे मला ठामपणे सांगायचं आहे. आमच्या आळीतले वैद्य शालाक्य, म्हणजे डोळे-कान-नाक-घशाच्या आजारांची आयुर्वेदातली शाखा, शिकलेले आहेत. आईचं ऐकल्यावर त्यांनी मला सुश्रुत संहितेतलं उत्तरतंत्र उघडून दाखवलं. त्यात डोळ्यांचे 76 विकार सांगितले आहेत. त्यांतल्या 40 विकारांना छेदन, लेखन, भेदन किंवा शिरावेध, म्हणजे कुठलं ना कुठलं शस्त्रकर्म सांगितलं आहे. 15 असाध्य म्हटले आहेत. 7 याप्य, म्हणजे उपचार चालू असेपर्यंत काबूत राहणारे. इतक्या जुन्या काळी तो वैद्य ‘एवढे माझ्या हाताबाहेरचे’ असं नोंदवून ठेवतो, आणि फ्लेक्सवाला त्याच परंपरेच्या नावानं शंभर टक्के लिहितो, शस्त्र नको म्हणतो. वैद्यांना याचा माझ्याइतकाच राग आहे. ते म्हणाले, डोळ्यात रक्त उतरलेला रुग्ण आला तर मी आधी त्याला पडदा तपासायला पाठवतो. तर्पण (डोळ्यावर औषधी तूप धरून ठेवणं), घृत, काढे यांचा विचार त्यानंतर.

वनस्पतीत औषध असतं, यावर माझा विश्वास आहे. अडुळसा मी रोज विकतो. सर्पगंधेची गोष्ट तर मुंबईची आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या 50 रुग्णांना ती देऊन बघितली, दाब मोजले, आणि 1949 साली ब्रिटनच्या हृदयरोगाच्या नियतकालिकात मांडलं. मग जगानं ती घेतली. चीनमध्ये सानची नावाच्या मुळीपासून केलेल्या कॅप्सूल पडद्याची शीर तुंबलेल्या रुग्णांना देतात. त्यांवर चाचण्या झाल्या आहेत, त्या चाचण्यांच्या दर्जावर वादही आहेत. वाद असू दे. मोजमाप असलं तरच वाद घालता येतो. आईच्या पुड्यांवर वाद घालायला काहीच नव्हतं, आत काय आहे तेही लिहिलेलं नव्हतं.

त्या न लिहिलेल्या गोष्टीची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते. अमेरिकेतल्या बोस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या 70 आयुर्वेदिक उत्पादनांपैकी 14 मध्ये शिसं, पारा किंवा अर्सेनिक सापडल्याचं 2004 साली प्रसिद्ध झालं. लेबल नसलेल्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळण्याचे प्रकार या धंद्यातल्या कुणाला नवे नाहीत. मधुमेही माणसाच्या पोटात नकळत स्टेरॉइड गेलं की साखर भडकते, आणि साखर भडकली की पडदा आणखी बिघडतो. आईची साखर त्या तीन महिन्यांत 300 च्या खाली आली नव्हती. कारण काय, हे मी आज सिद्ध करू शकत नाही, कारण पुड्या संपल्या आणि मी एकही तपासायला पाठवली नाही. तुम्ही पाठवू शकता.

हा चार-दोन घरांचा प्रश्न आहे असं समजू नका. देशात 10 कोटींहून अधिक मधुमेही असल्याचं भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या अभ्यासातून 2023 मध्ये पुढे आलं. 2015 ते 2019 च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या मधुमेहींपैकी 16.9 टक्के लोकांच्या पडद्यावर मधुमेहाचा परिणाम दिसला. यातल्या बहुतेकांना रक्त उतरेपर्यंत काही जाणवत नाही, दुखत तर मुळीच नाही. आमच्या तालुक्यात पडद्याचा फोटो काढायचं यंत्र सरकारी दवाखान्यात नाही. जिल्ह्याला जायचं तर एक रोज बुडतो, बाहुली मोठी केली की दिवसभर धूसर दिसतं म्हणून सोबत दुसरं माणूस लागतं, म्हणजे दोन रोज. मंगल कार्यालय चालत पाच मिनिटांवर असतं. लोक मूर्ख नाहीत. जे जवळ असतं, जिथं बसवून घेतात, चहा देतात, ‘आई’ म्हणून बोलतात, तिथं ते जातात.

माझ्या मागण्या :

1. डोळ्यांचा आजार बरा करण्याचा दावा करणारा फ्लेक्स, पत्रक, व्हिडिओ किंवा शिबिर यांची तक्रार आल्यास 48 तासांत जागेवर जाऊन 1954 च्या कायद्याखाली कारवाई करा. जाहिरात जिथं झाली तिथंच कारवाई व्हावी. ‘परराज्यात वर्ग’ हे उत्तर बंद करा.

2. प्रत्येक तालुक्यासाठी जबाबदार अधिकाऱ्याचं नाव आणि दूरध्वनी तहसील कार्यालयात, ग्रामपंचायतींत आणि औषध दुकानांत लावा. माझ्या दुकानात मी उद्याच लावतो.

3. राज्यातून परवाना मिळालेल्या, डोळ्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक आयुर्वेदिक उत्पादनाचा परवाना क्रमांक, घटक आणि मंजूर दावा संकेतस्थळावर मराठीत टाका. ‘सर्व नेत्रविकारांवर’ असं लिहिलेली लेबलं बदलायला लावा.

4. डोळ्यात घालायचं कुठलंही औषध, मग ते कोणत्याही पॅथीचं असो, फक्त परवानाधारक दुकानातून आणि बिलावर विकलं जावं, यासाठी केंद्राकडे प्रस्ताव पाठवा. आमच्या संघटनेनं विरोध केला तर मी त्या बैठकीत उभा राहून तुमच्या बाजूनं बोलेन.

5. बाजारातून आणि शिबिरांतून नमुने उचला. निर्जंतुकता, स्टेरॉइड आणि जड धातू तपासा. निकाल उत्पादनाच्या नावासह आणि बॅच नंबरसह जाहीर करा.

6. शासकीय आयुर्वेद महाविद्यालयांचे शालाक्य विभाग आणि वैद्यकीय महाविद्यालयांचे नेत्र विभाग यांना एकत्र बसवा. त्रिफळा घृत असो, अडुळसा असो, लेझर झालेल्या रुग्णांत त्यांचा वरून काही फायदा होतो का, याच्या नोंदणीकृत चाचण्या करा. फायदा दिसला तर ते औषध माझ्या कपाटात पहिल्या फळीवर ठेवीन.

7. आरोग्य खात्याला सोबत घेऊन प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात पडद्याचा फोटो काढायची सोय करा, आणि मधुमेहाच्या प्रत्येक कार्डावर वर्षातून एकदा पडदा तपासल्याची तारीख लिहायचा रकाना ठेवा.

त्या शिबिरवाल्यांचा पुढचा मुक्काम शेजारच्या तालुक्यात आहे, येत्या 15 दिवसांत. त्या फ्लेक्सचा फोटो, आमच्या गावात वाटलेलं पत्रक, आणि ज्यांनी स्वखुशीनं दिल्या अशा तिघांच्या न उघडलेल्या बाटल्या आणि पुड्या मी बॉक्समध्ये बंद करून ठेवल्या आहेत. तुमचा माणूस येईल त्या दिवशी पंचनामा करून ताब्यात घ्या. आईचे 2017 पासूनचे सगळे कागदही देईन. ती स्वतः जबाब द्यायला तयार आहे. पत्ता दिलेल्या चार बायकांपैकी दोघींना घेऊन मी गेल्याच आठवड्यात जिल्ह्याला जाऊन आलो. एकीला लेझर सुरू झालं आहे. दुसरीची तपासणी परवा आहे.

आपला,
एक औषधविक्रेता
जिल्हा सांगली